न्यायला कोण येईल

वरच्या मजल्यावरच्या रूताने
शाळांची यादी केलीय वहीत, आडव्या-उभ्या रेघा मारून:
फी, अंतर, मुलं किती, कुठकुठल्या देशांची,
दुपारी झोपवतात का.
शेवटचा रकाना रिकामा. त्याला नावही नाही.
म्हणाली, कुशा, तू चल. तुला बघताच कळतं.
मला मासे कळतात, बाई,
आजचा कुठला आणि बर्फातला कुठला.
तरी निघाले.
मिग्ले पुढे उभी स्कूटरवर, आरशांना धरून,
वय तीन. नावाचा अर्थ धुकं,
आमच्या मोरजीत जानेवारीत चार दिवस येतं
आणि नऊच्या आत जातं, ते.

पहिल्या शाळेत गवत प्लास्टिकचं.
मिग्लेने ओढून बघितलं. निघेना.
माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशे, फट!"
फट म्हणजे खोटं. शब्द माझाच,
पोरीने माझ्या ओट्यावरून उचललेला.
मॅडम गोड हसल्या.
त्यांना वाटलं, तिच्या देशातला.

दुसरी आसगावच्या उतारावर, काजूच्या बागेत.
पोरं अनवाणी. एक बाई हलक्या आवाजात सांगत होती,
माती मुलांना कशी घडवते.
महिन्याची फी ऐकून मी हिशेब केला:
आमच्या वरच्या मजल्याचं भाडं, अधिक दोन सिलेंडर.
खाली बघितलं. आमच्या मागल्या दारी असते तीच,
लाल. तिला कोण विचारतं?
पण खोटं कशाला बोलू, सावली छान होती.
मिग्लेने पडलेलं बोंड चोखलं,
रस कोपरापर्यंत, फ्रॉकवर.
बाई ओला कागद घेऊन धावली.

चोपडेच्या पुलावर रूता म्हणाली, थांब.
खाली शापोरा, भरतीची.
तू कुठल्या शाळेत होतीस?
देवळाच्या मंडपात, चौथीपर्यंत. पाचवीला फेरीबोट.
पूल नव्हता तेव्हा.
आणि तुझ्या आईने ती निवडली कशी?
मला प्रश्नच कळला नाही.
शाळा होती. विहीर होती तशी.
मग तिने तिची सांगितली:
घरापासून चारशे पावलं,
कोट टांगायला प्रत्येकाची खुंटी,
तिच्या खुंटीवर बदक.
आई फोनवर म्हणते, बदक अजून आहे.
एवढं बोलून ती गप्प. हेल्मेट काही काढेना.
काच आतून धुरकटत गेली.
मी नदीकडे बघत राहिले,
इथे कोट कोण घालतो, असं म्हणणार होते,
नाही म्हटलं.

तिसरी मांद्र्यात, इमेल्दा टीचरच्या घरात.
बोर्डावर इंटरनॅशनल. आत पोरं नऊ:
दोन रशियन, एक बेळगावचा,
एकाची आई फ्रेंच आणि बाप हरमलचा रापणकार,
बाकी आमचीच.
टीचर चवळीच्या शेंगा सोलत होती. उठली नाही.
एक शेंग मिग्लेपुढे धरली.
मिग्ले बसली, ती अर्धा तास
मागे वळून बघेना.
रूताने वही उघडलीच नाही.

फॉर्मवर: मूल कधीपर्यंत राहील?
तिने व्हिसाची तारीख लिहिली, नोव्हेंबरची.
खोडली. मग पुन्हा तीच लिहिली.
खाली: न्यायला कोण येईल. नाव, फोटो, नातं, सही.
माझा फोटो! रेशनकार्डानंतर
कुणाला लागला नव्हता.
नात्यापाशी पेन अडलं.
टीचर शेंगांतून मान न काढता म्हणाली,
काहीही लिहा हो, मी तोंड बघून पोर देते.
रूताने लिहिलं, तिच्या भाषेत.
मला वाचता आलं नाही. विचारलंही नाही.
सहीची चौकट इवलीशी.
'कुशाव' आत मावलं,
'ती' बाहेर राहिली.

संध्याकाळी फ्रॉक दगडावर घासत होते.
सासू म्हणाली, बोंडाचा डाग साबणाने जात नाही,
हंगाम संपला की आपसूक जातो.
बोटांवर महिने मोजायला घेतले, सोडून दिले.
फ्रॉक डागासकट
वाळत घातला.